आयव्हिंड अर्लची झाडं आणि साठ लाख डॉलर

२९ जानेवारी १९५९ रोजी वॉल्ट डिस्नेचा 'स्लीपिंग ब्यूटी' अमेरिकेत प्रदर्शित झाला. खर्च साठ लाख डॉलर, म्हणजे त्याआधीच्या तीन ॲनिमेशनपटांपैकी कुठल्याही एकाच्या दुपटीहून जास्त. पहिल्या प्रदर्शनात अमेरिका आणि कॅनडा मिळून वितरकाच्या हाती पडले ५३ लाख. १९६०च्या आर्थिक वर्षात कंपनीनं दशकभरातला पहिला वार्षिक तोटा दाखवला. ॲनिमेशन विभागात मोठी कपात झाली. आणि या स्टुडिओतून परीकथेवरचा पुढचा ॲनिमेशनपट यायला १९८९ साल उजाडलं.

इतकंच वाचलं तर हे एका पडलेल्या सिनेमाचं प्रकरण वाटेल. पण हाच चित्रपट २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत गेला. हातानं काढलेल्या चित्रांचा याहून देखणा चित्रपट मला माहीत नाही. म्हणून हे प्रकरण मी एका प्रश्नाभोवती मांडतो आहे. शेकडो हातांनी घडणाऱ्या कलेत एका माणसाच्या नजरेला शेवटचा शब्द द्यायचा ठरवलं, तर तो शब्द निभवायला काय काय लागतं? डिस्नेनं शब्द दिला आणि तो देणं योग्यच होतं असं माझं मत आहे. निभवायची तजवीज मात्र अर्धीमुर्धी झाली, आणि तिची किंमत भलत्याच माणसांनी मोजली.

गोष्ट कुठून आली

शापामुळे चातीची टोचणी लागून झोपी गेलेल्या राजकन्येची कथा युरोपात जुनी आहे. शार्ल पेरोनं ती १६९७ मध्ये फ्रेंचमध्ये छापली, ग्रिम बंधूंनी १८१२च्या संग्रहात जर्मन रूप दिलं, आणि १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गला चायकोव्हस्कीचा बॅले रंगमंचावर आला. चित्रपटानं तिघांकडूनही घेतलं. राजकन्येचं अरोरा हे नाव बॅलेतलं, जंगलात लपून राहताना तिला दिलेलं 'ब्रायर रोज' हे नाव ग्रिमच्या कथेतलं, आणि जन्मसोहळ्याला न बोलावलेली संतप्त परी पेरोपासून चालत आलेली. संगीतही चायकोव्हस्कीचंच. जॉर्ज ब्रन्सनं त्याच्या बॅलेतले तुकडे उचलून, जोडून, लांबवून अख्ख्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत रचलं. ते १९५८ मध्ये जर्मनीत मोठ्या वाद्यवृंदाकडून स्टीरिओत ध्वनिमुद्रित झालं.

रूपांतराची मोठी अडचण होती शंभर वर्षांची. मूळ कथेत राजकन्या शंभर वर्षं झोपते, मग कोणी एक राजपुत्र येतो आणि ती जागी होते. दोघांची आधी भेटच नाही. पडद्यावर हे कसं चालावं? लेखकांनी राजपुत्र फिलिपची आणि तिची गाठ आधीच जंगलात घालून दिली आणि तिची झोप जेमतेम एका रात्रीवर आणली. पण शंभर वर्षं त्यांनी टाकून दिली नाहीत. ती त्यांनी राजपुत्राच्या वाट्याला दिली. ती संतप्त परी, मॅलेफिसेंट, फिलिपला पकडून तळघरात साखळदंडानं बांधते आणि त्याला पुढचं चित्र दाखवते: शंभर वर्षांनी तुला सोडीन, तेव्हा तू पांढऱ्या केसांचा, वाकलेला, तितक्याच म्हाताऱ्या घोड्यावर बसून तुझ्या प्रियेकडे निघशील, आणि ती मात्र तशीच तरुण असेल. परीकथेतला काळाचा सगळा क्रूरपणा या अर्ध्या मिनिटात येतो. जुन्या कथेचं इतकं मर्मज्ञ रूपांतर मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. ज्यांना हा चित्रपट कथेच्या बाजूनं दुबळा वाटतो (आणि काही अंशी तो आहेच), त्यांनी हे दृश्य पुन्हा एकदा पाहावं.

१९५३चा निर्णय

डिस्ने स्टुडिओत एक रीत पडून गेली होती. चित्रपट सुरू होण्याआधी एखाद्या गुणी चित्रकाराकडून कल्पनाचित्रं काढून घ्यायची. ती भिंतीवर टांगायची, सगळ्यांनी वाहवा करायची, आणि मग प्रत्यक्ष चित्रपट बनताना त्यांतली धार हळूहळू बोथट होत जायची. मेरी ब्लेअरनं 'सिंड्रेला', 'ॲलिस' आणि 'पीटर पॅन'साठी केलेली चित्रं पाहिली की हे लख्ख कळतं. तिचे सपाट, धीट रंग पडद्यावर पोचेपर्यंत गोड आणि गोलाकार होऊन जात. वॉल्टला याची खंत होती. या खेपेला चित्रकाराची शैली शेवटच्या चौकटीपर्यंत टिकलीच पाहिजे, असं त्यानं ठरवलं.

ती शैली कुठली? सुरुवातीला डॅनिश चित्रकार काय नील्सेननं काही चित्रं केली होती. मग स्टुडिओतला चित्रकार जॉन हेंच न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात गेला आणि तिथले युनिकॉर्न टेपेस्ट्रीज, म्हणजे इसवी सन १५००च्या सुमाराचे विणलेले भव्य पडदे, पाहून भारावला. गर्द हिरव्या जमिनीवर शेकडो फुलझाडं, प्रत्येक फूल ओळखता येईल असं, आणि त्यांच्यात माणसं, कुत्रे, शिंगवाला पांढरा घोडा. हेंचनं त्यांच्या प्रतिकृती आणल्या आणि त्या आयव्हिंड अर्लला दाखवल्या.

अर्ल १९५१ मध्ये स्टुडिओत बॅकग्राउंड, म्हणजे पात्रांमागची दृश्यं, रंगवायला लागला होता. 'टूट, व्हिसल, प्लंक अँड बूम' या १९५३च्या ऑस्करविजेत्या लघुपटाची सपाट, आधुनिक बॅकग्राउंड त्याच्या हातची. टेपेस्ट्रीज पाहिल्यावर त्यानं मध्ययुगीन युरोपच पालथा घातला: लिंबूर्ग बंधूंनी रंगवलेलं प्रार्थनापुस्तक, व्हॅन आइक, ड्यूरर, ब्रॉयगेल, आणि त्यांच्या जोडीला पर्शियन लघुचित्रं. या सगळ्यातून त्यानं स्वतःची एक लिपी बनवली. खोड सरळसोट उभी, झुडपं कापून काढल्यासारखी चौकोनी, खडकांना पैलू, आणि पुढच्या गवताच्या पात्यापासून मागच्या डोंगरावरल्या किल्ल्यापर्यंत सगळं सारखंच रेखीव.

ही शेवटची गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळं भांडण तिथून सुरू झालं. ॲनिमेशनमध्ये बॅकग्राउंडनं मागं राहायचं असतं, असा अलिखित नियम होता. मागचं धूसर, पुढचं पात्र ठळक, म्हणजे प्रेक्षकाची नजर पात्रावर राहते. अर्लनं तो नियमच धुडकावला. त्याच्या चौकटीत मागं असं काही नव्हतंच. मुघल किंवा राजस्थानी लघुचित्रं पाहायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांपुढे उभं राहा: नायिकेच्या बोटांइतक्याच निगुतीनं मागच्या आंब्याचं पान काढलेलं असतं, आणि तरी आपली नजर नायिकेवरून हलत नाही. रंगाच्या आणि रेषेच्या मांडणीनं हे साधतं. अर्लला ते कळलं होतं. फक्त लघुचित्रातली नायिका हलत नाही, आणि इथं तिला सव्वा तास हलणाऱ्या जगात चालायचं, नाचायचं होतं.

वॉल्टनं अर्लला नुसती बॅकग्राउंड सोपवली नाहीत. पात्रांची घडण, त्यांचे रंग, सगळं अर्लच्या शैलीशी जुळलं पाहिजे, असा हुकूम निघाला. कोणाही ॲनिमेटरच्या डोक्यावर एका बॅकग्राउंड चित्रकाराला बसवण्याचा हा प्रकार या स्टुडिओत नवा होता.

टेबलावर काय झालं

एका सेकंदाला २४ चौकटी. दोन-दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी सेकंदाला बारा चित्रं, एका पात्राची. मुख्य ॲनिमेटर हालचालीचे महत्त्वाचे टप्पे पेन्सिलनं काढतो, सहायक मधले टप्पे घालतो, इनबिट्वीनर उरलेली चित्रं भरतो. मग क्लीन-अपवाले त्या खरबरीत रेषा एकरेषी करतात. पुढे इंक अँड पेंट विभागात ती रेष सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक तावावर, शाईनं ओढली जाते, सेल उलटून मागून रंग भरला जातो, आणि बॅकग्राउंडवर ठेवून कॅमेऱ्याखाली जातो.

आता या साखळीत अर्लची शैली घाला. पात्रं गोलाकार नाहीत. टॉम ओरेबनं अरोराचं रूप ठरवलं ते उंच, सडपातळ, सरळ रेषांना धरून. घागऱ्याच्या चुण्यासुद्धा उभ्या पडायच्या. गोल नाकाच्या बुटक्याची रेष केसभर हलली तर कोणाच्या लक्षात येत नाही. अरोराच्या गालाची रेष केसभर हलली की चेहरा पडद्यावर थरथरतो. त्यात चित्रपट टेक्निरामा या रुंद पद्धतीनं चित्रित होऊन सत्तर मिलिमीटरवर दाखवायचा होता. कागद मोठे, सेल मोठे, पडदा अवाढव्य. चूक लपायला जागाच नाही. क्लीन-अपवाल्यांच्या हातून दिवसाकाठी मोजकीच चित्रं बाहेर पडू लागली. एरवी एक बॅकग्राउंड एका दिवसात रंगवून होई. अर्लच्या एकेका चित्राला सात ते दहा दिवस लागत.

ॲनिमेटरांची नाराजी मला रास्त वाटते. ही काही नवखी मंडळी नव्हती. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन अरोराला जंगलात लपवून वाढवणाऱ्या तीन पऱ्या करत होते, मिल्ट काल फिलिप, जॉन लाउन्सबेरी दोन्ही राजे, म्हणजे अरोराचे आणि फिलिपचे वडील, मार्क डेव्हिस अरोरा आणि मॅलेफिसेंट. वीसेक वर्षं त्यांनी पात्राला जीव आणण्याचीच विद्या घोटली होती, आणि आता त्यांना सांगितलं जात होतं की आधी चौकट, मग जीव. थॉमसनं विभागप्रमुखाकडे तक्रार नेली की या कडक आखणीत पात्र मोकळं वागतच नाही. तक्रार वॉल्टपर्यंत गेली. वॉल्ट अर्लच्या बाजूनं राहिला.

एक लढाई मात्र ॲनिमेटरांनी जिंकली, आणि बरं झालं जिंकली. तिन्ही पऱ्या एकसारख्या असाव्यात अशी वॉल्टची आधीची कल्पना होती. थॉमस आणि जॉन्स्टननं ती मान्य केली नाही. फ्लोरा हुकूम सोडणारी, फॉना भोळी आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी, मेरीवेदर बुटकी आणि फणकाऱ्याची, असे तीन स्वभाव त्यांनी उभे केले. सगळ्या चित्रपटात माणूसपणाची ऊब सर्वाधिक कुठं असेल तर या तीन बायकांत. जादूच्या कांड्या बाजूला ठेवून वाढदिवसाचा केक आणि झगा हातानं करायला बसतात, केक कोसळतो, झगा बिघडतो, आणि शेवटी कांड्या बाहेर निघतात. मग झगा गुलाबी की निळा यावरून फ्लोरा आणि मेरीवेदर यांची जादूची लढाई जुंपते, धुराड्यातून रंगांच्या ठिणग्या उडतात, आणि त्यांवरूनच मॅलेफिसेंटच्या कावळ्याला सोळा वर्षं दडवलेल्या मुलीचा पत्ता लागतो. विनोदातून घात कसा होतो याची ही फार नेटकी बांधणी आहे. शैलीच्या हट्टात हे हरवलं असतं तर चित्रपट पाहवला नसता.

वॉल्ट नव्हता

ज्या माणसानं हा हुकूम काढला तो त्यानंतर बराच काळ दुसरीकडे होता, आणि प्रकरणाचा गाभा मला इथं दिसतो.

१९५४च्या ऑक्टोबरात डिस्नेचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. त्याच वर्षी मुलांचा रोजचा कार्यक्रमही आला. वॉल्टचं लक्ष, आणि स्टुडिओतली बरीच माणसं, तिकडे गेली. डिस्नेलँडच्या मधोमध स्लीपिंग ब्यूटीचा किल्ला उभा राहिला आणि लोक त्याखालून जाऊ लागले, तेव्हा चित्रपटाला अजून साडेतीन वर्षं होती. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा रेंगाळलं. कथेवर काम सुरू झालं १९५१ मध्ये, अरोराचा आवाज म्हणून मेरी कोस्टाची निवड झाली १९५२ मध्ये, आणि चित्रपट लागला १९५९ मध्ये. प्रदर्शनाची तारीख पुन्हा पुन्हा पुढं गेली.

दिग्दर्शनाची सूत्रंही एका हाती राहिली नाहीत. विल्फ्रेड जॅक्सनला १९५३च्या अखेरीस हृदयविकाराचा झटका आला. एरिक लार्सननं जबाबदारी घेतली आणि जंगलातला भेटीचा प्रसंग इतक्या मनापासून केला की वेळ आणि पैसा दोन्ही हाताबाहेर गेले. पुढे क्लाइड जेरोनिमी प्रमुख दिग्दर्शक झाला. चक जोन्ससारखा नामांकित दिग्दर्शक १९५३ मध्ये काही महिने इथं काम करून परत गेला. प्रत्येक गोष्टीला वॉल्टच्या होकाराची वाट पाहत बसणं त्याला मानवलं नाही.

आता चित्र असं होतं: शैलीचा अधिकार अर्लकडे, पण तो दिग्दर्शक नव्हता. दृश्यांचा अधिकार दिग्दर्शकांकडे, पण शैलीला हात लावायची मुभा त्यांना नव्हती. दोघांत वाद झाला तर मिटवणारा एकच माणूस, आणि तो नव्या उद्यानाच्या बांधकामावर. अशा ठिकाणी काम अडतं, माणसं कुढतात, आणि कोणीच मुद्दाम वाईट वागलेलं नसतं. जंगलाच्या प्रसंगाला फार खर्च झाला म्हणून नंतर बोल लावले गेले, पण तो प्रसंग अर्लच्या शैलीत आणि सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्वस्तात होणारच नव्हता. खर्चाचा निर्णय शैलीच्या निर्णयातच झालेला होता. हे आधी कोणी मांडून दाखवलं असतं, कथा थोडी छाटून, पात्रांची गर्दी कमी करून मोजकी दृश्यं आखली असती, तर तीच शैली निम्म्या छळात पार पडली असती असं मला वाटतं.

१९५८ मध्ये अर्ल स्टुडिओ सोडून गेला. चित्रपट पुरा व्हायचा होता. त्याच्यामागं जेरोनिमीनं काही बॅकग्राउंडवर एअरब्रशनं रंगाचा हलका फवारा मारून ती सौम्य करवली, म्हणजे पात्रं उठून दिसावीत. सहा वर्षांची खेचाखेच तशी शेवटपर्यंत सुटली नाही.

याच काळाचा एक धागा मुंबईत येतो म्हणून इथं नोंदवतो. 'स्नो व्हाइट', 'बॅम्बी' आणि 'पीटर पॅन'वर काम केलेला डिस्नेचा क्लेअर वीक्स हा मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेला. १९५६ मध्ये तो मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला आणि तिथल्या व्यंगचित्रपट विभागातल्या तरुणांना त्यानं या विद्येचे धडे दिले. जातककथेवरचा 'द बनियन डिअर' त्यातून निघाला, आणि राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर घडले. कॅलिफोर्नियात डिस्नेच्या बरबँकच्या स्टुडिओत अर्लच्या रेषेवरून वाद चालू असताना त्याच स्टुडिओची विद्या इकडे मुंबईत रुजत होती.

जिथं सगळं जुळलं

शैली आणि जीव यांचं वैर अटळ होतं का? नव्हतं, आणि त्याचा पुरावा चित्रपटातच आहे. त्याचं नाव मॅलेफिसेंट.

मार्क डेव्हिसनं ती अर्लच्या जगासाठीच घडवली. डोक्यावर शिंगं, वटवाघळाच्या पंखासारखी कॉलर, जमिनीवर ज्वाळांसारखा पसरणारा झगा. डेव्हिसच्या मनात काळ्यासोबत लाल होता. अर्लनं जांभळा धरला, आणि तोच योग्य ठरला. इतर खलनायिका धावतात, ओरडतात, हातवारे करतात. ही उभी राहते आणि बोलते. तिच्या आवाजामागं इलेनॉर ऑडली होती, जिनं आधी सिंड्रेलाच्या सावत्र आईला आवाज दिला होता. भाषण करणारं पात्र जिवंत करणं ॲनिमेटरला सगळ्यांत अवघड, कारण करायला काही कृतीच नसते. डेव्हिसनं ते काम बोटांवर, पापण्यांवर आणि काठीच्या गोळ्यावर फिरणाऱ्या हातावर केलं. नामकरणाच्या सोहळ्यात ती प्रकटते तेव्हा दरबारातल्या उभ्या निशाणांत, उभ्या खांबांत तिची उभी काळी आकृती अशी बसते की ती त्याच चित्रातून बाहेर आल्यासारखी वाटते. थॉमसची तक्रार होती की ही आखणी पात्राला मोकळं वागू देत नाही. मॅलेफिसेंटला मोकळं वागायचंच नव्हतं. ताठरपणा हाच तिचा स्वभाव.

दुसरा पुरावा चातीचा प्रसंग. अरोराला नुकतं कळलं आहे की ती राजकन्या आहे आणि जंगलात भेटलेला तरुण तिला पुन्हा भेटायचा नाही. ती आरशापुढे रडत बसली आहे. शेकोटीतला विस्तव विझतो, तिथं हिरवा गोळा उमटतो, मागची भिंत उघडते आणि काळोखा जिना दिसतो. ती उठते. चेहऱ्यावर हिरवा उजेड, डोळे उघडे पण नजर नाही, आणि चाल इतकी संथ की पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. पऱ्या मागून हाका मारतात, दगडी भिंत पुन्हा बंद होते. यामागं वाजणारं संगीत बॅलेत बुटातल्या मांजराच्या आणि पांढऱ्या मांजरीच्या गमतीच्या नाचाचं आहे. ब्रन्सनं तेच संथ, दबकं करून अंगावर काटा आणणारं केलं. इथं अर्लचा उभा जिना, डेव्हिसची उभी अरोरा आणि तो हिरवा रंग एकमेकांना खेचत नाहीत. मुलीच्या हातात स्वतःचं काहीच उरलेलं नाही हे कथेचं म्हणणं, आणि या आखीव शैलीत नेमकं तेच दिसतं.

उलट शैली जिथं अडते ती ठिकाणंही लपत नाहीत. दोन्ही राजांचा मेजवानीचा प्रसंग लांबतो. गोलमटोल ह्यूबर्ट त्या कोनदार दालनात उपरा वाटतो. आणि अरोरा स्वतः. पंचाहत्तर मिनिटांच्या चित्रपटात ती जेमतेम अठरा मिनिटं दिसते, आणि झोपल्यावर एकही शब्द बोलत नाही. जंगलात घुबडाला राजपुत्राचा झगा घालून ती नाचते तेवढा वेळ ती खरीखुरी सोळा वर्षांची मुलगी असते. त्या नाचात पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, चौकोनी झाडांतून येणारा उजेड, आणि मागून येऊन तिचा हात धरणारा फिलिप... लार्सननं एवढा वेळ का घेतला ते इथं दिसतं. बाकी वेळ मात्र ती त्या सुंदर पडद्यावरची एक आकृती होऊन राहते. याचा दोष अर्लच्या माथी मारला जातो, मला तो पटकथेचा वाटतो. नायिकेला करायला काही दिलंच नाही तर कुठल्या शैलीत ती उठून दिसेल?

वुल्फगँग रायथरमननं दिग्दर्शित केलेली ड्रॅगनची लढाई सगळ्यांना आठवते, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की ड्रॅगनच्या मुखातल्या ज्वाळांचा आवाज अमेरिकी लष्कराच्या ज्वालाफेकी यंत्रांच्या प्रशिक्षणपटातून मिळवला होता, आणि जबड्याच्या कटकटीसाठी कॅस्टनेट वाजवले होते. ध्वनी विभागातल्या जिमी मॅक्डोनल्डची ही करामत.

हिशोब

तोट्याचं खापर बहुतेक ठिकाणी एकट्या या चित्रपटावर फुटतं. ते बरोबर नाही. त्या हंगामातले डिस्नेचे इतरही बरेच चित्रपट अपेक्षेएवढे चालले नव्हते. पण साठ लाखांचा आकडा डोळ्यांत भरणारा होता, आणि ॲनिमेशन विभाग बंदच करावा की काय अशीही चर्चा कंपनीत झाली. विभाग वाचला तो स्वस्त झाल्यामुळे. स्टुडिओतला तंत्रज्ञ अब आयवर्क्स यानं झेरॉक्सचं तंत्र सेलसाठी बसवलं होतं. ॲनिमेटरची पेन्सिलची रेष थेट सेलवर छापली जाऊ लागली. १९६१चा 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' त्या पद्धतीनं झाला, खर्चही कितीतरी कमी आला, आणि तो धडाक्यात चालला. 'स्लीपिंग ब्यूटी' हा हातानं शाई ओढून केलेला त्या घराण्यातला शेवटचा मोठा चित्रपट ठरला. झेरॉक्सची काळी, थोडी खरबरीत रेष वॉल्टला फारशी रुचली नाही. ॲनिमेटरांना मात्र आपली मूळ रेष पडद्यावर पहिल्यांदाच दिसली याचा आनंद झाला, आणि तो मी समजू शकतो.

इंकिंग करणाऱ्या बायकांचं काय झालं याकडे या प्रकरणात फार कमी लोक पाहतात. हा विभाग मुख्यतः स्त्रियांचा. श्वास रोखून, मनगट न हलवता, केसाएवढी रेष एका दमात ओढायची. अरोराच्या सोनेरी केसांना काळ्या शाईची किनार नको म्हणून प्रत्येक भागाला त्याच्याच रंगाची शाई. चित्रपट इतका देखणा दिसतो त्यात त्यांच्या हाताचा वाटा अर्लच्या कुंचल्याच्या बरोबरीचा आहे. शैली ठरवताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, सहा वर्षं काम रेंगाळलं त्यातही त्यांचा दोष नव्हता, आणि यंत्र आल्यावर सगळ्यांत आधी गरज संपली ती त्यांच्या कामाची.

त्यानंतरचा हिशोब वेगळा आहे. १९७०, १९७९, १९८६ अशी चित्रपटाची पुनःप्रदर्शनं होत गेली, पुढे घरगुती व्हिडिओ आला, आणि खर्च केव्हाच वसूल होऊन चित्रपट घसघशीत नफ्यात गेला. चित्रीकरणात प्रत्येक चौकट तीन रंगगाळण्यांतून तीनदा, कृष्णधवल फिल्मवर घेतलेली होती. कृष्णधवल निगेटिव्हमधला रंग उडत नाही, त्यामुळे २००८च्या जीर्णोद्धारात अर्लचे हिरवे जसेच्या तसे परत मिळाले. १९६० मध्ये जपानमधल्या प्रदर्शनासाठी पाठवलेली आणि नंतर तिथंच दिलेली सुमारे अडीचशे मूळ चित्रं चिबा विद्यापीठात अडगळीत पडून होती, तीही या शतकात सापडली. मायकल जियाइमोनं 'पोकाहॉन्टस'चं आणि पुढे 'फ्रोझन'चं कलादिग्दर्शन करताना अर्लचं ऋण उघड मान्य केलं.

कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर १९५३चा निर्णय शहाणपणाचा ठरला, फक्त त्याचं फळ यायला वीस-पंचवीस वर्षं लागली. एवढी वर्षं थांबण्याची ऐपत मालकाला असते. महिन्याच्या पगारावर ब्रश आणि बोरू चालवणाऱ्याला ती नसते. म्हणून या प्रकरणात अर्लला शैलीचा अधिकार दिला हे बरोबर झालं असं मी म्हणतो, आणि त्याच दमात असंही म्हणतो की अधिकार देतानाच वेळेचं, माणसांचं आणि पुढच्या कामाचं अंदाजपत्रक वॉल्ट आणि त्याचा भाऊ रॉय यांनी मांडायला हवं होतं. डिस्नेलँड उभारताना त्यांनी ते नीट मांडलं होतं. पैशासाठी दूरचित्रवाणी कंपनीशी करार केला, कर्ज उभं केलं, जोखीम वाटून घेतली. तीच काळजी ॲनिमेशन विभागाच्या वाट्याला आली नाही.